कोमट

किल्ली हातात देताना बाईंनी कचऱ्याच्या डब्यांचे वार सांगितले, छपरावरच्या शेवाळाबद्दल काहीतरी सांगितलं आणि निघता निघता म्हणाल्या, "हीटिंगला शक्यतो हात लावू नका." कचऱ्याचे वार मी वहीत लिहून घेतले. शेवटचं वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. हात लावू नका म्हणजे? बिल मी भरणार, गारठणार मी, आणि बटणाला हात दुसऱ्या कुणी लावायचा?

ही गोष्ट सप्टेंबर 2024 ची. मी सोलापूरची. 2003 साली नर्स म्हणून इंग्लंडात आले, पाठोपाठ हे आले. हे तिकडे एसटीच्या वर्कशॉपात होते, इकडे बसच्या डेपोत लागले. एकवीस वर्षं नॉरिच शहरात भाड्यानं राहिलो, शेवटची नऊ दुसऱ्या मजल्यावर. यांच्या कमरेचं हाड बदललं तेव्हा जिना चढणं संपलं. मग अर्ज, डॉक्टरांचं पत्र, यादीतला नंबर, आणि अडीच वर्षांनी नॉरिचच्या उत्तरेला एका खेड्यात बैठं घर मिळालं. घर एका हाउसिंग असोसिएशनचं. म्हणजे नफा न कमावता बाजारभावापेक्षा कमी भाड्यानं घरं देणारी संस्था. दोन खोल्या, मागे हातरुमालाएवढी बाग, आणि भिंतीला चिकटून एक पांढरट पेटी. तिच्या तोंडावर जाळी, जाळीमागे पंखा.

बहिणीला व्हिडिओवर घर दाखवत होते. पेटी दिसल्याबरोबर ती म्हणाली, "काय गं, एसी घेतलीस होय? त्या गारठ्यात?"

"एसी नव्हे गं. यानं घर तापतं."

"पेटी बाहेर, पंखा बाहेर. गाव तापवतीस काय?"

मला उत्तर देता आलं नाही. ते मिळायला फेब्रुवारी उजाडला.

शहरातल्या घरात गॅसचा बॉयलर होता. थंडी वाजली की बटण दाबायचं, भिंतीतून भुर्रकन आवाज यायचा, दहा मिनिटांत रेडिएटर असा तापायचा की वर वाळत घातलेल्या मोज्यांना वास यायचा. ऊब आली की बंद. त्यात एक सुख होतं, हिशेबी माणसाचं सुख. आमचे दादा सोलापूरच्या गिरणीत कामाला होते. खोलीतून शेवटचा माणूस बाहेर पडला आणि दिवा चालू राहिला तर रात्री जेवताना त्याची चौकशी व्हायची. घर बदललं, देश बदलला, पण माझा हात बटणाकडे जायचा तो जायचाच.

ऑक्टोबरच्या मध्यावर पहिली थंडी पडली. मी थर्मोस्टॅट 15 वरून 25 वर नेला आणि रेडिएटरपाशी जाऊन उभी राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. हात लावला. चाळीस वर्षं कपाळांना हात लावून ताप ओळखलेल्या बाईला 37 अंश आणि 40 अंश यांतला फरक कळतो. रेडिएटर कोमट होता. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी असतं तसा. नर्सच्या भाषेत सांगायचं तर पेशंटला बारीक कणकण होती, त्यापलीकडे काही नाही.

हेल्पलाइनला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगा आला.

"रेडिएटर गार आहे का?"

"गार नाही. कोमट आहे."

"म्हणजे चालू आहे, मॅडम."

"पण तापत नाही."

"तापत नाही म्हणजेच नीट चालू आहे."

मी फोन ठेवला आणि यांना म्हटलं, "अहो, या लोकांनी आपल्याला बिघडलेलं यंत्र दिलंय आणि त्याला बिघाड म्हणायचीही सोय ठेवलेली नाही."

मग मी माझ्या पद्धतीनं ते चालवू लागले. रात्री झोपताना बंद, पहाटे 25. दुपारपर्यंत घर कसंबसं 17 अंशांवर यायचं. तेवढ्यात ऊन पडायचं, मग बंद. चारला अंधार, पुन्हा 25. यंत्र दिवसभर धापा टाकायचं आणि आम्ही दिवसभर स्वेटरवर स्वेटर. सोलापूरहून येताना आणलेल्या दोन चादरी ट्रंकेतून बाहेर निघाल्या. एरवी त्या फक्त पाहुण्यांना दाखवायला काढायचो.

दिवाळीत तर कहर झाला. नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरची. पहाटे पाचला उठून यांना तेल लावलं, उटणं कालवलं, पणती लावली. कारीट कुठलं मिळायला, एक पिकलेलं टोमॅटो ठेवलं होतं पायाखाली चिरडायला. हे न्हाणीघरात गेले आणि दोनच मिनिटांत हाक आली, "अगं, पाणी संपलं!"

पाणी होतं, ऊब संपली होती. या घरात पाणी नळाला येता येता तापत नाही. कपाटात 180 लिटरची उभी टाकी आहे, तिच्यात आधी तापवून साठवलेलं असतं. ते तापवण्याची वेळ कुणीतरी दुपारी एक ते चार अशी लावून ठेवलेली. दुपारी बाहेरची हवा त्यातल्या त्यात बरी असते, यंत्राला कष्ट कमी पडतात, हे शहाणपण पुढे कळलं. आदल्या रात्री मी दोन बादल्या भरून चादरी धुतल्या होत्या. उरलेल्या कोमट पाण्यात यांचं अभ्यंगस्नान उरकलं, माझं झालंच नाही. नरकासुर सुटला असणार त्या वर्षी. आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता, त्याची फार आठवण आली. त्याच्या पोटात निखारे दिसायचे. तापलाय की नाही हे हेल्पलाइनला विचारावं लागत नव्हतं.

त्याच सकाळी यांना पॅनेलवर 'बूस्ट' लिहिलेलं बटण सापडलं. दाबलं, आणि अर्ध्या-पाऊण तासात नळातून वाफाळतं पाणी! आम्ही दोघं विजयी मुद्रेनं चहा प्यायलो. बटण आपोआप बंद होत असेल असं धरून चाललो.

ते बंद होत नव्हतं.

आमचं वीजमीटर आधी पैसे भरायचं आहे. गावातल्या दुकानात जाऊन कार्डावर पैसे भरायचे, ते मीटरवर जमा होतात, मग वीज. स्वयंपाकघरात एक छोटा पडदा आहे, त्यावर दिवसाचा खर्च दिसतो आणि हिरवा, पिवळा, लाल दिवा लागतो. शहरात वीस पौंडांत वीज आठ-नऊ दिवस पुरायची. अर्थात तिथे गॅसचं बिल वेगळं होतं. इथे वीस पौंड तिसऱ्या दिवशी खलास. नोव्हेंबरात एकदा एका दिवसाचे नऊ पौंड दिसले. दुकानातली मुलगी मला बघितलं की न विचारता मशीन पुढे करायची. कमाई चालू असताना पैसे भरणं वेगळं आणि पेन्शनीतून वीस-वीसच्या नोटा मोजणं वेगळं. त्याच वर्षी सरकारनं म्हाताऱ्यांना हिवाळ्यात मिळणारा दोनशे-तीनशे पौंडांचा इंधनभत्ता सरसकट देणं बंद केलं होतं. आम्ही गरिबीच्या रेषेच्या जरा वर, म्हणून आम्हाला शून्य. पुढच्या वर्षी त्यांनी तो निर्णय बराचसा फिरवला, पण तो हिवाळा आमच्या अंगावरून गेलाच.

मी आणखी एक शहाणपणा केला होता. खिडक्यांच्या वरच्या चौकटीत बारीक फटी असतात, हवा खेळती राहायला मुद्दाम ठेवलेल्या. त्यांतून गार वारा येतो म्हणून मी त्या खाकी चिकटपट्टीनं बंद केल्या. वर कुकरच्या शिट्ट्या, ओले कपडे घरातच, आणि यंत्र तासातासाला चालू-बंद. डिसेंबरात कपाटाच्या मागे काळी बुरशी धरली. मी हॉस्पिटलात छातीच्या वॉर्डात काम केलेलं, बुरशी म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. रॉचडेलला डिसेंबर 2020 मध्ये असल्याच एका संस्थेच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांचं पोर बुरशीनं दगावलं. अवाब त्याचं नाव. त्याच्या नावाचा कायदा आता आलाय, ओल आणि बुरशीची तक्रार आली की घरमालक संस्थेला ठरलेल्या मुदतीत हलावंच लागतं. माझ्या बुरशीला मात्र निम्मी कारणीभूत माझी चिकटपट्टी होती. म्हणून मी तक्रार न करता गुपचूप ब्लीचनं पुसत राहिले.

जानेवारीच्या सुरुवातीला कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी सातच्या सुमाराला मी पडदा सरकवला तर पेटीतून पांढरे लोट निघत होते. पंखा बंद, आतून सूं सूं आवाज, आणि लोट थेट खिडकीपर्यंत. मी ओरडले, "अहो, पेटलं!" हे काठी घेऊन उठले. मी सवयीनं आधी माणसं बाहेर काढली, म्हणजे यांना. पायात चपला, अंगावर सोलापुरी चादर, बाहेर उणे चार. आम्ही दोघं अंगणात उभे, मी 999 लावणार इतक्यात शेजारच्या आजीबाई ड्रेसिंग गाउनमध्ये दारात आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म याच गावातला, आणि यंत्राशी तीन वर्षांचा संसार.

"ती बर्फ झटकतेय, माय लवली," त्या म्हणाल्या. "आत जा. मराल."

पाचेक मिनिटांत लोट विरले, पंखा पुन्हा फिरू लागला. दमट थंडीत पेटीच्या मागच्या पत्र्यांवर बर्फाचा थर धरतो, हवा आत शिरेनाशी होते. मग यंत्र काही मिनिटं उलटं चालतं, घरातली थोडी ऊब मागे घेऊन तो बर्फ वितळवतं. निघते ती निव्वळ वाफ. वितळलेलं पाणी मात्र पेटीखालून वाहत पायवाटेवर आलं आणि तिथे पुन्हा गोठलं. दुसऱ्या दिवशी हे त्यावरून घसरता घसरता वाचले. कंबर नवी घातलेल्या माणसाच्या दाराशी काचेसारखा बर्फ. याची तक्रार मी केली, तीन वेळा केली, आणि फोनवर आवाजही चढवला. महिन्याभरानं माणूस येऊन खड्डा खणून त्यात खडी भरून गेला. हे काम यंत्र बसवतानाच का झालं नव्हतं, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

त्या सकाळी आजीबाईंनी चहा पाजला. त्यांच्या घरात पाय ठेवला आणि मी थबकले. कुठेच गरम नव्हतं आणि कुठेच गार नव्हतं. भिंत, खुर्ची, न्हाणीघराची फरशी, सगळं एकसारखं. आजीबाई पातळ ब्लाउजवर बसलेल्या.

"किती वर ठेवता तुम्ही?"

"वीस."

"आणि बंद कधी करता?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मे महिन्यात," म्हणाल्या.

फेब्रुवारीत अखेर तंत्रज्ञ आला, पंचविशीतला पोरगा, बोटांना ग्रीस. त्यानं पॅनेलवर दोन बटणं एकत्र दाबून आतला एक यादीपट उघडला, जो आम्हाला कधी दिसलाच नव्हता. पहिल्यांदा त्याला बूस्ट दिसलं. "हे कधीपासून चालू आहे?" यांनी सांगितलं, "दिवाळीपासून." दिवाळी त्याला कळली नाही, ऑक्टोबर कळला. त्यानं डोक्याला हात लावला. बूस्ट म्हणजे टाकीतला 3 किलोवॉटचा साधा हीटर, आपण बादलीत टाकतो त्या रॉडचा थोरला भाऊ. तो एक युनिट वीज खातो आणि एकच युनिट ऊब देतो. बाहेरची पेटी एका युनिटला सरासरी तीन युनिट ऊब देते. आमचं सगळं पाणी तीन महिने महागातल्या रॉडवर तापत होतं.

एकाला तीन हे मला पचेना. बाकीची दोन येतात कुठून? यांना मात्र ते पटकन कळलं, आणि त्यांनी मला मराठीत सांगितलं तेव्हा तो पोरगा कौतुकानं बघत होता.

"माठातलं पाणी गार का होतं?"

"बाहेर पाझरलेलं पाणी उडून जातं म्हणून."

"उडताना ते माठाची ऊब घेऊन जातं. तसंच हे. या नळ्यांत एक द्रव आहे, तो उणे पन्नासच्याही खाली उकळतो. त्याच्या दृष्टीनं आपली दोन अंशांची थंडी म्हणजे सोलापूरचा मे. तो बाहेरच्या हवेतली ऊब घेऊन वाफ होतो. आता ती वाफ दाबायची. सायकलचा पंप मारताना तळाशी चटका बसायचा की नाही? तसं. दाबली की तापते, ती ऊब आपल्या पाण्याला देते, पुन्हा द्रव होते, पुन्हा बाहेर. वीज लागते ती फक्त दाबायला."

बहीण म्हणाली ते खरं होतं तर. ती एसीच होती, उलटी बसवलेली. सोलापुरात घरातली ऊब रस्त्यावर टाकतात, आम्ही रस्त्यावरची घरात आणतो.

पोरानं रेडिएटरकडे जाणारं पाणी 55 अंशांवरून 42 वर आणलं. मी म्हटलं, "अरे, आधीच कोमट, त्यात आणखी कमी?" तो म्हणाला, पाणी जितकं जास्त तापवायचं तितकी त्या पेटीची दमछाक, आणि मग एकाला तीन मिळत नाहीत, दोनवर येतं. म्हणून कमी तापवायचं, पण सतत. बाहेर थंडी वाढली की ती आपण होऊन पाणी थोडं जास्त तापवेल, कमी झाली की उतरवेल. थर्मोस्टॅट त्यानं वीसवर ठेवला. खिडक्यांवरच्या माझ्या चिकटपट्ट्या सोलल्या, काही न बोलता. आणि जाताना म्हणाला, तुम्ही नॉरिचचे ना, मग लाजू नका, ब्रिटनमधला असला पहिला मोठा पंप नॉरिचलाच चालला होता. 1945 साली जॉन समनर नावाच्या तिथल्या वीजखात्याच्या इंजिनिअरनं युद्धाच्या टंचाईत जुन्यापान्या भागांतून जोडलेला, वेन्सम नदीच्या पाण्यातून ऊब काढून कचेरी तापवणारा. एकवीस वर्षं मी त्या नदीवरून ड्यूटीला गेले. हिवाळ्यात तिच्याकडे बघूनच हुडहुडी भरायची.

पुढचे तीन दिवस माझी परीक्षा होती. रात्री झोपताना हात थर्मोस्टॅटकडे जायचा. दिवसा घराबाहेर पडताना जायचा. रिकामं घर तापत ठेवायचं, हे माझ्या दादांच्या मुलीला कसं जमावं? तिसऱ्या दिवशी यांनी थर्मोस्टॅटवर कागद चिकटवला, त्यावर कवटी आणि दोन हाडं काढून लिहिलं, "11000 व्होल्ट, सावधान." चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि पाय उचलावासा वाटला नाही.

यांना आता नवा धंदा मिळाला आहे. भिंतीवर कालनिर्णय असतो, लंडनच्या दुकानातून मागवलेला. त्यातल्या तारखांच्या चौकोनांत आमच्याकडे पूर्वी दुधाचे खाडे लिहायचे. हे आता तिथे पॅनेलवरचे आकडे लिहितात: संकष्टीच्या दिवशी पेटीनं 11 युनिट खाल्ले, 32 दिले. महाशिवरात्रीला 9 खाल्ले, 28 दिले. एखाद्या दिवशी गणित तीनच्या खाली उतरलं की माझ्याकडे संशयानं बघतात. रविवारी ते हमखास उतरतं, कारण शनिवारी मध्यरात्री टाकी आठवड्यातून एकदा 60 अंशांवर जाते. लेजिओनेला नावाचे जंतू कोमट साठवलेल्या पाण्यात वाढतात, ते मारायला. वॉर्डात आम्ही त्याच भीतीनं बंद खोल्यांचे नळ दर आठवड्याला सोडायचो, म्हणून हे एक मला कुणी शिकवावं लागलं नाही. रविवारी सकाळी पाणी कढत मिळतं. मी डोक्यावरून नाहते.

खर्चाचं विचाराल तर दिवसाचे नऊ पौंड होते ते चार-साडेचारवर आले, ऐन थंडीत. गॅसपेक्षा स्वस्त पडलं का? जेमतेम बरोबरी. एकाला तीन मिळतात हे खरं, पण त्या हिवाळ्यात वीज युनिटला साधारण 25 पेन्स होती आणि गॅस सव्वासहाच्या आसपास, म्हणजे चौपट. तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. गॅसचा रोजचा तीसेक पेन्सचा स्थिर आकार वाचतो, तेवढाच दिलासा. आजीबाईंकडे आधी रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवून ठेवणारे जुने हीटर होते, संध्याकाळी चारलाच गार पडणारे. त्यांना हे यंत्र वरदान वाटतं, आणि त्यांच्या जागी मलाही वाटलं असतं. आम्हा भाडेकरूंना कुणी विचारून यंत्र बसवत नाहीत, तसे पैसेही मागत नाहीत, त्यामुळे बोलायला तोंड अर्धंच उघडतं. पण एक बोलेन: चौऱ्याऐंशी पानांचं पुस्तक आणि "हात लावू नका" एवढ्यावर हजारो पौंडांचं यंत्र म्हाताऱ्यांच्या हवाली करू नये. तो पोरगा ऑक्टोबरात अर्धा तास आला असता तर माझी दिवाळी झाली असती.

एकाच गोष्टीशी मी अजून जुळवून घेतलेलं नाही. गॅस गेला तेव्हा ज्योतही गेली. भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी होते, पण तिसरी भाजणी जाळावर लागते, तेव्हा ती टम्म फुगते. काचेच्या शेगडीवर तारेची जाळी ठेवून मी भाजते. फुगते, पण घाबरत घाबरत. पापड भाजायचा प्रयत्न केला तर धुराची घंटा वाजली.

आजीबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. उठून कोपऱ्यातल्या टेबलावरचं विणलेलं कापड बाजूला केलं. खाली एका सळईचा जुना हीटर. "पोरगा टाकून दे म्हणतो," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं. सळई आधी करडी, मग शेंदरी, मग लालबुंद झाली. खोली आधीच वीस अंशांवर होती, गरज काडीची नव्हती. रोज संध्याकाळी त्यांची मालिका असते तेवढा अर्धा तास त्या तो लावतात. बारा-तेरा पेन्सचा खर्च. "समोर काहीतरी पेटलेलं असलं की बसल्यासारखं वाटतं," म्हणाल्या.

आठवड्यातून दोनदा मी जाते. मालिकेतलं मला निम्मं कळत नाही. आम्ही दोघी हात पुढे धरून बसतो. घरी आले की हे कालनिर्णयापाशी पेन घेऊन उभे असतात, विचारतात, "कुठे होतीस?"

"शेजारी," म्हणते. हीटरचं सांगत नाही.